रात्रीचे शहर आणि विद्यार्थ्यांची सुरक्षितता

शिकण्यासाठी शहरात आलेल्या विद्यार्थ्याचा दिवस सूर्यास्ताला संपत नाही. पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ आणि शनिवार पेठेतल्या अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत भरलेल्या असतात. काही तर चोवीस तास उघड्या असतात. वैद्यकीय आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना रात्रपाळी करावी लागते. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा जवळ आली की महाविद्यालयांच्या तालमी रात्रीपर्यंत चालतात. कमवून शिकणारी मुले-मुली कॉल सेंटर, हॉटेल किंवा डिलिव्हरीचे काम संपवून मध्यरात्री खोलीवर परततात. सुट्टीनंतर गावाहून निघालेली एसटी स्वारगेटला किंवा शिवाजीनगरला पहाटे चारलाही पोहोचते. रात्री घराबाहेर असणे हा शहरी शिक्षणाचा भागच आहे. त्यामुळे ‘रात्री बाहेर पडू नका’ हा सल्ला फारसा उपयोगाचा नाही. रात्री बाहेर असताना नेमके धोके कोणते, ते कसे टाळावेत आणि प्रसंग आलाच तर काय करावे, हे माहीत असणे जास्त महत्त्वाचे आहे.

धोके कोणते?

रात्रीचा धोका म्हटले की अंधाऱ्या बोळात दबा धरून बसलेला अनोळखी माणूस डोळ्यांसमोर येतो. असे हल्ले होतात. पण विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणारे धोके त्याहून बरेच व्यापक आहेत. त्यांचे ढोबळ मानाने चार प्रकार पडतात.

पहिला धोका रस्ते अपघाताचा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. मृतांमध्ये सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा, सुमारे ४४ टक्के होता. दिवसाच्या वेळांचा विचार केला तर संध्याकाळी ६ ते रात्री ९ हे तीन तास सर्वाधिक अपघातांचे असतात. मध्यरात्रीनंतर रस्ते मोकळे होतात आणि वाहनांचा वेग वाढतो. १९ मे २०२४ च्या पहाटे अडीचच्या सुमारास पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तो अशाच मोकळ्या रस्त्यावर.

दुसरा धोका लुटीचा. मोबाइल हिसकावणे, पाकीट मारणे, कोयत्याचा धाक दाखवून पैसे काढून घेणे असे प्रकार मुलांच्याही वाट्याला येतात. रात्रीची सुरक्षितता हा फक्त मुलींचा विषय समजल्यामुळे मुलगे बेसावध राहतात आणि नको त्या बाचाबाचीत पडतात. ईशान्य भारतातून किंवा परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांना केवळ चेहऱ्यामुळे शेरेबाजी आणि मारहाण सहन करावी लागल्याच्या घटनाही देशातल्या शहरांत घडल्या आहेत.

तिसरा धोका छेडछाड, पाठलाग आणि लैंगिक अत्याचाराचा. यात एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीतला असल्याचे दिसते. सोडायला येणारा वर्गमित्र, ओळखीचा खोलीमालक, मित्राचा मित्र यांच्याबाबतही सावधपणा हवा, तो याचसाठी.

चौथा धोका थकव्याचा. दिवसभर वर्ग, मग अभ्यासिका, मेसचे जेवण चुकलेले आणि झोप अपुरी, अशा अवस्थेत माणसाचे लक्ष कमी होते आणि निर्णय चुकतात. बाकीचे तिन्ही धोके यामुळे वाढतात.

निघण्यापूर्वीची तयारी

रात्रीच्या सुरक्षिततेचे बरेचसे काम खोलीतून पाय बाहेर टाकण्यापूर्वीच होते. परत कसे यायचे हे जाण्याआधी ठरलेले असावे. पुण्यात पीएमपीची शेवटची बस किती वाजता, मेट्रो किती वाजेपर्यंत, मुंबईत असेल तर शेवटची लोकल कोणती, हे आधी पाहून ठेवले की रात्री साडेअकराला मिळेल त्या वाहनात बसण्याची वेळ येत नाही.

दुसरी गोष्ट फोनची. अकरा वाजता अभ्यासिकेतून निघताना फोनमध्ये ८ टक्के चार्जिंग उरले असेल, तर नकाशा, रिक्षा बोलावण्याचे ॲप, यूपीआय आणि मदतीचा फोन हे सारे एकदम बंद पडण्याच्या बेतात असते. छोटी पॉवर बँक आणि पाकिटात शंभर-दोनशे रुपयांची रोकड एवढ्याने ही अडचण सुटते. दोन-तीन जवळचे नंबर तोंडपाठ असावेत आणि एका कागदावर लिहून बॅगेत ठेवावेत. फोनच चोरीला गेला तर दुसऱ्याच्या फोनवरून नंबर लावता येतो.

तिसरी गोष्ट माणसांची. कॉट बेसिसवर राहणाऱ्या किंवा एकत्र खोली घेतलेल्या विद्यार्थ्यांनी आपापसांत साधा नियम ठरवावा: उशीर होणार असेल तर कुठे आहोत हे कळवायचे आणि पोहोचल्यावर ‘रूमवर आलो’ एवढा संदेश टाकायचा. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात संदेश आला नाही तर फोन करायचा आणि फोन लागला नाही तर शोध घ्यायचा. व्हॉट्सॲप आणि गूगल मॅप्सवर आपले चालू ठिकाण ठरावीक वेळेपुरते विश्वासू व्यक्तीला दाखवता येते. मात्र हीच सोय कायम चालू ठेवून एखादा मित्र किंवा प्रियकर सतत पाळत ठेवू लागला, तर ती सुरक्षितता राहत नाही. प्रवास संपला की ती बंद करावी.

पायी जाताना

उजेडाचा आणि माणसांच्या वर्दळीचा रस्ता थोडा लांबचा असला तरी तोच निवडावा. अमेरिकी लेखिका जेन जेकब्ज यांनी शहरांवरील आपल्या १९६१ च्या गाजलेल्या पुस्तकात दाखवून दिले की रस्ता सुरक्षित राहतो तो प्रामुख्याने तिथल्या माणसांच्या नजरेमुळे. रात्री उघडे असलेले औषधांचे दुकान, चहाची टपरी, पेट्रोल पंप, एटीएमचा सुरक्षारक्षक, रिक्षाथांबा ही अशा नजरेची ठिकाणे होत. रोजच्या वाटेवर अशी कोणती ठिकाणे किती वाजेपर्यंत जागी असतात, हे एकदा दिवसाउजेडी पाहून ठेवावे. पेठेतल्या अरुंद बोळातून जाणारा जवळचा रस्ता दिवसा सोयीचा असतो. रात्री दोन्ही बाजूंना लावलेल्या दुचाक्यांमुळे तिथे बाजूला व्हायलाही जागा उरत नाही.

मोबाइलचा पडदा रात्री दोन तऱ्हांनी घातक ठरतो. लक्ष वेधून घेतो हे उघडच आहे. पण तो डोळ्यांची अंधारात पाहण्याची क्षमताही घालवतो. डोळ्यांतल्या दंडपेशींना अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि प्रखर पडद्याकडे पाहिले की हा सराव मोडतो. मान वर करताच समोरचा अंधार अधिकच गडद वाटतो. नकाशा पाहायचा असेल तर एखाद्या उघड्या दुकानापाशी थांबून पाहावा आणि मग चालावे. दोन्ही कानांत इअरफोन घातले की मागून येणारी पावले आणि दुचाकीचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून किमान एक कान मोकळा ठेवावा. फोन आणि बॅग रस्त्याच्या विरुद्ध बाजूला धरावी, कारण मोबाइल हिसकावणारे बहुधा दुचाकीवरून येतात. पदपथ नसेल तर वाहने समोरून येतील अशा बाजूने चालावे. येणारे वाहन दिसते आणि पाठीमागून कोणाला सहज गाठता येत नाही.

कोणी मागे येत आहे असे वाटले तर रस्ता ओलांडून खात्री करावी. ती व्यक्तीही ओलांडून आली, तर सरळ खोलीकडे जाऊ नये, कारण त्यामुळे राहण्याचे ठिकाण तिला कळते. जवळच्या दुकानात, हॉटेलात किंवा सोसायटीच्या रखवालदारापाशी थांबावे आणि तिथून फोन करावा. किल्ली फाटकापाशी पोहोचण्याआधीच हातात असावी. दाराशी उभे राहून बॅग धुंडाळणे टाळावे.

रात्री भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या रस्त्यावर असतात. पळाले की कुत्री मागे लागतात. थांबून, नजर न भिडवता हळूहळू मागे सरकावे. दुचाकीवर असताना घाबरून वेग वाढवला तर घसरून पडण्याचा धोका जास्त. चावा किंवा ओरखडा बसलाच तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालणे टाळावे. त्याखाली उघडे मॅनहोल किंवा वीज उतरलेली तार असू शकते. पाण्यातले विजेचे खांब, फ्यूज बॉक्स आणि लोखंडी हातगाड्या यांना हात लावू नये.

बस, रिक्षा, कॅब आणि लोकल

१६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत चित्रपट पाहून परतणारी फिजिओथेरपीची विद्यार्थिनी आणि तिचा मित्र एका खासगी बसमध्ये बसले. ती बस त्या वेळी प्रवासी वाहतुकीच्या फेरीवर नव्हती. आत प्रवासी म्हणून बसलेले सारे गुन्हेगार होते आणि त्यांनी तिच्यावर सामूहिक बलात्कार केला. या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समिती नेमली गेली, २०१३ मध्ये फौजदारी कायद्यात मोठे बदल झाले आणि पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. या घटनेने प्रवाशांसाठीही एक नियम घालून दिला: अधिकृत वाहन आहे की नाही याची खात्री झाल्याशिवाय त्यात पाऊल ठेवू नये.

भारतात प्रवासी वाहनांची नंबर प्लेट पिवळी आणि अक्षरे काळी असतात. विजेवर चालणाऱ्या प्रवासी वाहनांची प्लेट हिरवी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची मोटार ‘त्याच बाजूला चाललोय, सोडतो’ म्हणत थांबली, तर ते खासगी वाहन असते आणि त्या प्रवासाची नोंद कुठेही होत नाही. कॅब ॲपवरून मागवली असेल तर आधी गाडीचा नंबर, मग चालकाचा चेहरा ताडून पाहावा. ‘तुमचे नाव काय?’ असे चालकाला विचारण्यापेक्षा ‘कोणाच्या नावाने बुकिंग आहे?’ असे विचारावे; खरा चालक नाव सांगतो. ओटीपी दिल्याशिवाय प्रवास सुरू होऊ देऊ नये. प्रवासाची माहिती ॲपमधूनच रूम पार्टनरला पाठवावी, मागच्या सीटवर बसावे आणि आपल्या फोनवर रस्ता पाहत राहावे. रस्ता बदलला तर लगेच, स्पष्ट आवाजात कारण विचारावे. रिक्षात बसताना नंबरचा फोटो काढून पाठवला आणि तो पाठवल्याचे चालकाच्या कानावर जाईल असे फोनवर बोलले, की पुरेसे होते. रात्री एकट्याने शेअर रिक्षात बसण्यापूर्वी आत आधीपासून कोण बसले आहे ते पाहावे. सगळे एकाच टोळक्यातले वाटले तर ती सोडून द्यावी.

बसमध्ये चालक किंवा वाहकाजवळची जागा घ्यावी. मुंबईच्या लोकलमध्ये रात्री रिकामा डबा टाळावा. महिलांच्या डब्यात रात्रीच्या वेळी पोलीस किंवा गृहरक्षक दलाचे जवान तैनात असतात, त्यामुळे मुलींनी तो डबा निवडावा. रेल्वेत मदतीसाठी १३९ आणि लोहमार्ग पोलिसांचा १५१२ हा क्रमांक आहे.

बसस्थानकात फसवणुकीपासून सावध राहावे लागते. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेट स्थानकात बसची वाट पाहणाऱ्या तरुणीशी एका माणसाने आपुलकीने बोलून ओळख काढली, तिची बस दुसरीकडे लागली आहे असे सांगितले आणि तिला आवारात उभ्या असलेल्या रिकाम्या शिवशाही बसकडे नेले. तिथे तिच्यावर अत्याचार झाल्याची तक्रार तिने पोलिसांत नोंदवली. गर्दीच्या स्थानकात, शेकडो माणसांच्या देखत, केवळ गोड बोलून माणसाला एकांतात नेता येते, हे या प्रकरणाने दाखवून दिले. बस कोणत्या फलाटावर लागणार हे फक्त चौकशी खिडकीवर किंवा गणवेशातल्या कर्मचाऱ्याकडूनच विचारावे. अनोळखी माणूस ‘चला, दाखवतो’ म्हणाला तर ‘इथूनच सांगा, मी बघते’ एवढे उत्तर पुरेसे आहे. मदत नाकारणे हा उद्धटपणा नाही. ज्याला खरोखर मदत करायची आहे, त्याला नकाराचा राग येत नाही.

दुचाकी आणि झोप

२०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या सुमारे ५० हजार दुचाकीस्वारांचा आणि मागे बसलेल्यांचा रस्त्यावर मृत्यू झाला. रात्री पोलीस अडवत नाहीत म्हणून हेल्मेट हँडलला अडकवले जाते, पण डोक्याला मार लागण्याची शक्यता रात्रीच्या वेगामुळे वाढलेली असते. मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालावे. पुढचा-मागचा दिवा चालू असावा आणि अंधारात दिसेल असा फिकट रंगाचा कपडा किंवा चमकणारी पट्टी अंगावर असावी.

झोपेचा हिशेब मात्र फार थोडे जण मांडतात. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया, रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतक्या मंदावतात, असे प्रयोगांतून दिसले आहे. मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे सकाळी सहाला उठून रात्री अकराला दुचाकी काढणारा विद्यार्थी दारूचा थेंबही न घेता त्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. परीक्षेच्या दिवसांत किंवा रात्रपाळीनंतर रिक्षाने जाणे, किंवा शक्य असेल तर तिथेच दोन तास झोपून सकाळी निघणे, हेच शहाणपणाचे. लोणावळ्याला किंवा सिंहगडाला मध्यरात्री निघणाऱ्या टोळक्यांनी हा हिशेब आधी करावा.

पार्टीत मद्य घेणाऱ्याने गाडी चालवू नये आणि घेतलेल्याच्या मागे बसू नये. आपला पेला, मग तो सरबताचा का असेना, नजरेआड करू नये. नजरेआड झालाच तर तो टाकून दुसरा घ्यावा. थोडक्याच पिण्याने एखाद्याला अचानक फार गुंगी आली तर त्याला खोलीत एकटे झोपवून निघून जाऊ नये. एका कुशीवर वळवून, श्वासाकडे लक्ष ठेवून १०८ ला रुग्णवाहिका बोलवावी. एकत्र गेलेल्यांनी एकत्र परतावे, हा नियम पाळला की पुष्कळसे प्रसंग टळतात.

प्रसंग आला तर

काहीतरी खटकत आहे, ही जाणीव मनात येते तेव्हा तिच्यामागे बहुधा डोळ्यांनी टिपलेले खरे कारण असते. ते शब्दांत सांगता येण्याची वाट पाहू नये, जागा सोडावी.

समोरच्याला फक्त वस्तू हवी असेल तर ती देऊन टाकावी. फोन आणि पैसे परत मिळू शकतात. हत्यार असलेल्याशी झटापट करू नये. हल्ला शरीरावर असेल तर उद्देश एकच ठेवावा: तिथून सुटणे. मोठ्याने ओरडावे, उजेडाकडे आणि माणसांकडे पळावे. मिरचीचा किंवा पेपर स्प्रे बाळगणे कायदेशीर आहे, पण तो बॅगेच्या तळाशी असेल तर त्याचा उपयोग नाही. तो हाताशी असावा आणि वाऱ्याची दिशा पाहून वापरावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःचा आणि दुसऱ्याचा बचाव करण्याचा हक्क दिला आहे. बचावासाठी आवश्यक तेवढे बळ वापरणे हा गुन्हा ठरत नाही.

स्वसंरक्षणाचे प्रशिक्षण उपयोगी पडते का, याचे एक चांगले उत्तर कॅनडातून मिळते. तिथल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींना १२ तासांचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यात हाता-पायांच्या डावांइतकाच भर धोका वेळीच ओळखण्यावर आणि ओळखीच्या माणसाला ठामपणे नाही म्हणण्यावर होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात बलात्कार घडल्याचे प्रमाण प्रशिक्षण न घेतलेल्या गटात ९.८ टक्के, तर प्रशिक्षित गटात ५.२ टक्के होते.

मदत मागताना गर्दीला उद्देशून ‘वाचवा’ म्हटले तर अनेकदा प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणी पुढे होईल. जॉन डार्ली आणि बिब लताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रयोगाने दाखवले की पाहणारे जितके अधिक, तितकी एकेकाची पुढे येण्याची शक्यता कमी. यावर उपाय म्हणजे एकाच माणसाला हेरून काम सांगणे: ‘निळ्या शर्टवाले काका, ११२ ला फोन लावा.’ पाहणाऱ्यांसाठीही यात धडा आहे. २७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत भर दिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला, तेव्हा आजूबाजूला माणसे होती. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे तरुण मध्ये पडले म्हणून तिचा जीव वाचला. प्रत्येकाने कोयता धरलेला हात पकडावा अशी अपेक्षा नाही. पण पोलिसांना फोन करणे, पीडितेजवळ जाऊन ‘ताई, चला, तुमची रिक्षा आली’ असे म्हणून तिला बाजूला घेणे, दुकानाचे शटर उघडे ठेवणे, हे कोणालाही जमते. अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्यालाही घाबरण्याचे कारण नाही: मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नुसार त्याला संरक्षण आहे आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

११२ हा देशभराचा एकच आपत्कालीन क्रमांक आहे. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका तिन्हींसाठी तो चालतो. अनेक फोनमध्ये पॉवरचे बटण लागोपाठ तीन किंवा पाच वेळा दाबले की आपत्कालीन फोन लागतो. साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ चे बटण दाबून धरावे लागते. आपल्या फोनमध्ये ही सोय कशी आहे ते सेटिंगमध्ये आधीच पाहून ठेवावे. फोन लागल्यावर सर्वांत आधी ठिकाण सांगावे, कारण बोलणे मध्येच तुटले तरी गाडी निघू शकते. नेमका पत्ता माहीत नसेल तर दुकानाच्या पाटीवरचा पत्ता, बसथांब्याचे नाव किंवा विजेच्या खांबावरचा क्रमांक वाचून दाखवावा. महिलांसाठी १८१ ही वेगळी हेल्पलाइन आहे. पुण्यात पोलिसांची दामिनी पथके गस्त घालतात आणि भरोसा सेलमध्ये तक्रारीबरोबर समुपदेशनही मिळते.

घटनेनंतर

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात करता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही; शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवावा लागतो. तक्रार ऑनलाइनही पाठवता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. नोंदलेल्या तक्रारीची प्रत फुकट मिळते. लैंगिक गुन्ह्यांत महिलेचा जबाब महिला अधिकारी नोंदवते आणि पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. पाठलागाला पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. त्यामुळे ‘एवढ्याशा गोष्टीसाठी’ म्हणून गप्प बसण्याची गरज नाही. रात्री पोलिसांनी अडवले तर हेही माहीत असावे की अपवादात्मक परिस्थिती सोडून सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही.

अत्याचारानंतर अंघोळ करण्यापूर्वी आणि कपडे धुण्यापूर्वी रुग्णालयात जावे. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाला बलात्कार पीडितेवर तातडीने विनामूल्य उपचार करावेच लागतात. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

फोन चोरीला गेला तर आधी सिम आणि यूपीआय बंद करावे, पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवावे. पोलीस तक्रारीनंतर केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर फोन देशभर बंद करता येतो. त्यासाठी लागणारा आयएमईआय क्रमांक *#०६# दाबून आजच लिहून ठेवावा.

संस्थांची जबाबदारी

वर सांगितलेल्या काळज्या विद्यार्थ्याने घ्यायच्या असल्या, तरी गुन्ह्याचा दोष त्याच्याकडे किंवा तिच्याकडे कधीच जात नाही. एवढ्या उशिरा बाहेर का होती, कपडे कसे होते, असे प्रश्न विचारले जातात म्हणून मुली तक्रारच करत नाहीत आणि गुन्हेगार दुसऱ्या मुलीकडे वळतो.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईचा अभ्यास करून लिहिलेल्या २०११ च्या पुस्तकात मांडले आहे की शहरात निर्धास्तपणे वावरणे हा स्त्रियांचा हक्क आहे आणि त्यांना घरात बसवल्याने शहर सुरक्षित होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांतही स्पष्ट म्हटले आहे की सुरक्षिततेचे कारण पुढे करून वसतिगृहात मुलींवर मुलांपेक्षा वेगळे निर्बंध लादू नयेत. रात्री दहाला फाटकाला कुलूप लावणारे वसतिगृह उशीर झालेल्या मुलीला रस्त्यावरच उभे ठेवते. तिला रात्री आत घेऊन नोंद करण्याची पद्धत अधिक सुरक्षित आहे.

महाविद्यालयांनी तालमी आणि प्रयोगशाळा उशिरा चालणार असतील तर परतीच्या वाहनाची सोय करावी, अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावे आणि नंबर फलकावर लावावेत. अभ्यासिका चालवणाऱ्यांनी जिन्यात आणि दारापाशी दिवा, कॅमेरा आणि रात्रीचा रखवालदार ठेवावा. महापालिकेने बंद पथदिवे, फुटलेले पदपथ, उघडी मॅनहोल आणि रात्री बंद असणारी स्वच्छतागृहे ही सुरक्षिततेचीच कामे समजावीत. पीएमपीच्या बसमधून रात्री दोन थांब्यांच्या मध्ये उतरण्याची मुभा दिली, तर अनेकींची अंधारातली पाच मिनिटांची चाल वाचेल.

विद्यार्थ्यांनी बंद दिव्याची तक्रार करावी, रोजच्या रिक्षावाल्याशी, टपरीवाल्याशी, रखवालदाराशी नावाने ओळख ठेवावी आणि उशिरा येणाऱ्या रूम पार्टनरचा फोन वाजला तर झोपेतही उचलावा. ११२ आणि घरच्यांचा नंबर आजच पाठ करावा.